सहा-चाळीसची फेरी

ज्या माणसानं मला अन्नाला लावलं, त्याच माणसावर मी साडेतीन वर्षं जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागलो तर तुम्ही फसायला नको.

साहेब रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, उशीर झाला तर का झाला ते रजिस्टरात लिहायचं, कंडक्टरांना सही द्यायची आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. माझं काम समोरच्या कँटीनमध्ये वडे तळायचं. मधे वीस पावलांचं अंतर. तेवढ्या अंतरावरून मी त्यांचे ओठ हलताना बघायचो. माइक बंद असला तरी ओठ चालूच. पहिल्यांदा वाटलं, जप करतात. मग कळलं, वाक्यं जुळवतात.

मी जत तालुक्यातला. शाळा नववीच्या सहामाहीला सुटली. बाविसाव्या वर्षी आंब्याच्या पेट्या भरायच्या कामाला म्हणून इकडं आलो. मुकादमाचा माणूस स्टँडवर घ्यायला येणार होता. तो आलाच नाही. फोन लागेना. मी फलाट तीनवरच्या बाकड्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमधून एक उंच, वाळका माणूस आला. शर्टाला दोन पेनं, एक सरकारी निळं आणि एक काळं. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला,

"काल दहापासून तू तीनवर आहेस. तीनवर गाडी येते आणि जाते. तू का जात नाहीस?"

"कुठं जायचं ते ठरलेलं न्हाई साहेब."

"मग तू गाडी नाहीस, अडगळ आहेस. चल, आधी खा काहीतरी."

त्यांनी मला कँटीनमध्ये नेऊन बसवलं आणि मालकांना म्हणाले, "हा आजपासून तुमच्याकडे. याच्या वतीनं मी बोलतोय." मालकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भजी तळता येतात काय रे?" मी हो म्हणालो. येत नव्हती. साहेबांनी मागून माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

एवढे उपकार. आणि मी जळायचो.

त्यांची दुसरी वही मला पुढच्या वर्षी कळली. दिसायला हुबेहूब सरकारी रजिस्टर, पण स्वतः विकत आणलेलं. पट्टीनं आखलेले रकाने: मार्ग, सुटण्याची वेळ, प्रत्यक्ष सुटली, उशिराचे कारण, सही. मार्गाच्या रकान्यात रोज एकच शब्द: कादंबरी. सुटण्याची वेळ रोज एकच: सहा-चाळीस. साहेबांनी स्वतःला नेम घालून घेतला होता. रिटायर होण्याच्या आत कादंबरी पुरी करायची, रोज एक पान, आणि एकही फेरी रद्द करायची नाही. ड्यूटीवर एक अक्षर लिहायचे नाहीत. पाचला ड्यूटी संपली की स्टँडच्या टोकाच्या बाकड्यावर बसायचे, काळं पेन काढायचे आणि सहा-चाळीसच्या आत पान सोडायचे. 'लिहिलं' असं कधी म्हणाले नाहीत. 'सोडलं' म्हणायचे.

सहा-चाळीसच का, तर त्या वेळेला आरे-वारे मार्गे जाणारी गाडी सुटायची. पावसाळ्यात तिच्यात चार डोकीसुद्धा नसायची. साहेब नवे कंडक्टर असताना याच गाडीवर होते. ती निघाली की आपण आजोबांसाठी उठतो तसे ते बाकावरून उठून उभे राहायचे.

"रिकामी गाडी कशाला सोडायची साहेब? डिझेल फुकट," मी एकदा म्हणालो.

"रिकामी सुटते म्हणून रिकामी पोचते असं कुणी सांगितलं तुला? वाटेत कुणीतरी हात दाखवतो. पण गाडी स्टँडवरच उभी राहिली तर हात दाखवणारानं कुणाला दाखवायचा?"

हे त्यांचं अख्खं शास्त्र. सुचत नाही, मूड नाही, विषय नाही, यातलं काही त्यांच्या 'कारण' रकान्यात चालायचं नाही. न सुचलेल्या दिवसाचं पानही मी पाहिलंय. 'आज कोणी नाही. गाडी चालली आहे. आज कोणी नाही.' अशा सात-आठ ओळी, आणि नवव्या ओळीला एक म्हातारी कोंबडी घेऊन गाडीत चढली होती. ती म्हातारी पुढं कादंबरीत पन्नास पानं टिकली.

सहीसाठी त्यांनी मला निवडलं. "गाडीवाल्यानं स्वतःची नोंद स्वतः करायची नसते," म्हणाले. "माझ्या गाडीचा कंट्रोलर तू."

"मीच का साहेब?"

"तू भित्रा आहेस. भित्रा माणूस खोटी वेळ लिहीत नाही."

हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत. लक्षात ठेवा.

रोज सहा-तीस ते सहा-चाळीसच्या मधे ते कँटीनच्या काउंटरवर यायचे. पान दाखवायचे, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून प्रत्यक्ष वेळ लिहायचो, सही करायचो. त्यावर ते एक कटिंग प्यायचे. रजेवर गेले तरी नेम चुकला नाही. त्यांचं गाव खेडच्या पलीकडं. तिथून ते पान गुंडाळून, रबरबँड लावून, खेडहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. कंडक्टर उतरता उतरता ओरडायचा, "घे रे, साहेबांचा प्रवासी आला! उभ्यानं आलाय, तिकीट काढलेलं नाय!" बायकोचं ऑपरेशन झालं त्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमधून रिक्षावाल्याबरोबर चार ओळी पाठवल्या. त्या चार ओळींवर मी आनंदानं सही केली. तेव्हा मी चांगला माणूस होतो.

आता त्या घड्याळाचं सांगतो. कँटीनचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं. आजही आहे. पूर्वी एक म्हातारी भजी खात बसली आणि तिची राजापूरची गाडी सुटली. साहेबांनी त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून काटा पुढं सरकवला. "चहा पिणाऱ्याला खरी वेळ सांगायची नसते." तेव्हापासून दर शनिवारी येऊन ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचे, बरोबर पाच मिनिटं पुढं आहे ना. माझ्या सह्यांच्या वेळा म्हणूनच पाच वजा करून लिहिलेल्या असायच्या. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, मालकांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त प्रवाशांना.

साहेबांमुळं कधी प्रवाशांची पंचाईत व्हायचीही. एकदा भर दुपारी माइकवरून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. देवरुखला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर... आणि त्यानंतर ती कधीच आली नाही."

कँटीनमधले सगळे बाहेर धावले. एक आजी केबिनची काच वाजवायला लागली. "कधीच येणार नाय म्हंजे? मी काय आता चालत जाव? पोरीचं बाळंतपण हाय!" साहेब कपाळाला हात लावून बसलेले. तोंडात वाक्य तयार होतं आणि बोट माइकच्या बटणावर होतं. त्या आजीला त्यांनी स्वतः नेऊन गाडीत खिडकीजवळ बसवलं. सहा-चाळीसच्या गाडीवर एक कंडक्टर ताई होत्या, जिभेनं तिखट. त्या त्यानंतर महिनाभर मला विचारायच्या, "काय रे, साहेबांची ती आली काय परत?"

सगळे हसायचे आणि सगळ्यांना ते आवडायचे. इथंच माझं पोट दुखायचं.

कारण लिहायचं मलाही होतं. कँटीनमध्ये भजी बांधायला रद्दी यायची, तिच्यातले अर्धे फाटलेले लेख, गोष्टी मी वाचायचो. फाटलेला शेवट मनात लावायचो. एक दोनशे पानी वही घेतली. तिच्यात मी अकरा गोष्टी सुरू केल्या. अकरा सुरुवाती. एकही दुसऱ्या पानावर गेली नाही. दर नव्या वर्षाला ठरवायचो, यंदा रोज दहा पानं. तिसऱ्या दिवसापासूनच, आठ दिवसांत मागचं साठून ऐंशी पानं होणार या भीतीनं वही उघडवत नसे.

धीर करून ती वही साहेबांना दाखवली. त्यांनी पहिलं पान बघितलं. वर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ध्येय: मोठा लेखक होणे.'

"हे कुठल्या रूटवर आहे?"

"काय साहेब?"

"मोठा लेखक. या नावाचं गाव. मी बोर्डावर काय लावू? किती किलोमीटर? थांबे कुठले?"

मी वही परत घ्यायला हात पुढं केला.

"आधी गाव सांग, मग गाडी माग. आणि ते दहा पानांचं खोड. पहिल्याच घाटात पाणी तापेल. एक पान. एका पानाला चढ लागत नाही."

बरोबर होतं ते. म्हणून तर जास्त लागलं. मी एक पान ठरवलं. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी बुडालं. आणि रोज संध्याकाळी हा माणूस हसत यायचा, हातात पान घेऊन, शाई ओली. मला त्यांच्या लिहिण्याचा हेवा नव्हता. खरं सांगतो, लिहिणं मध्यमच होतं, विशेषणं फार. हेवा होता तो सकाळी स्वतःला दिलेला शब्द संध्याकाळी उभा दिसायचा त्याचा. मी माझ्या आईला महिन्यातून एकदा फोन करीन म्हणतो तेही होत नाही. आणि स्वतःचं पान टाळणाऱ्या माणसाला पेन उचलून दुसऱ्याच्या पानावर रोज सही करायला लागते, हे काय आहे ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

मग ती दुपार आली. श्रावणातली, झोडपणारी, स्टँडवर चिटपाखरू नाही. साहेब जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसले होते. त्यांनी विचारलं, शाळा कशी सुटली रे तुझी? आणि मी सांगितलं. वडील विहिरी खणायच्या टोळीत होते. विहिरीतला मुरूम वर ओढायचं यंत्र असतं, त्याला यारी म्हणतात. यारीवरचा माणूस पळून गेला. वडील उसन्या सायकलवरून थेट शाळेत आले, वर्गाच्या दारातून म्हणाले, "चल, यारीवर माणूस न्हाई." मी उठलो. कंपासपेटी शेजारच्या पोराला देऊन टाकली. फाटकापाशी मागं वळून बघितलं आणि सायकलवर बसलो. झालं. परत शाळेत पाय ठेवला नाही.

साहेबांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "हे मी लिहू का?"

ही गोष्ट माझ्या अकरा सुरुवातींपैकी सातवी होती. तीन ओळींच्या पुढं गेली नव्हती. मी काय म्हणणार? माझ्या अंगावरचा शर्टसुद्धा त्यांनी दिलेला. म्हणालो, "लिहा की साहेब. तुमच्यामुळंच तर इथं आहे मी."

तीन फेऱ्यांत त्यांनी ती संपवली. तीन दिवस मी तिच्यावर सह्या केल्या.

आणि ती चांगली होती. विशेषणं नव्हती. कादंबरीतून वेगळी काढून त्यांनी ती एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीला पाठवली, आणि ती छापून आली. त्या रविवारी सकाळपासून स्टँडवर पेपर फिरत होता. मालकांनी मोठ्यांदा वाचून दाखवली. 'मुलगा फाटकाशी उभा राहिला. कंपासपेटी छातीशी धरून तो हुंदके देत होता, आणि सायकलची घंटी वाजत होती.' इथं मालकांनी थांबून तीच ओळ परत वाचली. मी वडे तळत होतो, ते माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. "अरे मेल्या, एवढं सोसलंस आणि कधी बोलला नाहीस?" कंडक्टर ताईंनी माझ्या हातात दोन पेढे ठेवले. पेढे साहेबांचे. कीव माझ्या वाट्याला.

आणि मी हुंदके दिले नव्हते.

हे कुणालाही सांगता येत नव्हतं. साहेबांनी ते मनानं घातलं होतं, कारण मी त्यांना तिथं काय झालं ते सांगितलंच नव्हतं. फाटकापाशी मी मागं बघितलं एवढंच सांगितलं. का बघितलं ते गिळलं होतं.

त्या संध्याकाळी पाचनंतर साहेबांना कुणी बाकड्यावर बसू देईना. हार काय, फोटो काय, डेपोतले मेकॅनिकसुद्धा काळे हात पुसत भेटायला आले. ते मधेच सुटून बाकड्यावर जायचे, चार ओळी लिहायचे, परत कुणीतरी ओढायचं. मी तळता तळता बघत होतो. तेल धुरावलं तरी कळलं नाही.

शेवटी ते धावत आले. गळ्यात हार, हातात पान. पान खालपर्यंत भरलेलं.

"घे, सोड लवकर."

मी रजिस्टर उघडलं. पेन घेतलं. भिंतीकडं बघितलं. घड्याळात सहा-बेचाळीस झाले होते.

म्हणजे सहा-सदतीस. साध्या वजाबाकीचं काम. साडेतीन वर्षं रोज केलेली वजाबाकी. समोर फलाटावर आरे-वारेची गाडी उभी होती, दार उघडं, ताई अजून खाली उभ्या राहून कुणाचं तरी सुटं मोजत होत्या.

मी म्हणालो, "साहेब, सहा-बेचाळीस झाले."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग मनगटाकडं. मग फलाटावरच्या गाडीकडं. मग माझ्याकडं, आणि माझ्याकडं बघणं संपेचना. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मी पाया पडलो असतो, हसून म्हणालो असतो की चेष्टा केली. मी त्याचीच वाट बघत होतो.

"कंट्रोलर तू आहेस," ते म्हणाले. "लिही."

माझा हात थांबला नाही. 'प्रत्यक्ष सुटली' या रकान्यात मी लिहिलं, 'फेरी रद्द'. सही केली.

तेवढ्यात बाहेर डबल बेल वाजली. आरे-वारेची गाडी सुटली, बरोबर सहा-चाळीसला. गळ्यात हार असलेला तो माणूस काउंटरला टेकलेला सरळ झाला आणि नेहमीसारखा तिच्यासाठी उभा राहिला. ती वळून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी कटिंग घेतला, पूर्ण प्यायला. 'उशिराचे कारण' रकाना माझ्यासमोर आला होता. त्यात काय लिहायचं ते मला सुचेना. साहेबांनी वही स्वतःकडं ओढली आणि निळ्या, सरकारी पेनानं लिहिलं: 'चौकशी चालू.'

दुसऱ्या दिवशी सहा-पस्तीसला ते नवीन पान घेऊन हजर. जसं काही झालंच नाही.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सही करताना मागचं पान दिसायचं, आणि त्यात ते दोन शब्द. चौकशी चालू. वाटायचं, मालकांना सांगतील. मालक मला काढतील. कँटीनच्या मागची खोली जाईल. मी परत फलाट तीनवर. साहेब बोलायचे नेहमीसारखं, उलट जास्तच. मी घाबरून त्यांच्या चहात आलं दुप्पट किसायला लागलो. चौथ्या-पाचव्या दिवशी ते म्हणाले, "आलं जरा बेतानं टाक रे. गुन्हा केल्यासारखं टाकतोस." माझ्या हातातली किसणी पडली.

मग मी मनात त्यांच्यावरच चिडायचो. म्हणायचो, एवढी वर्षं सगळ्या फेऱ्या वेळेवर, एक रद्द झाली तर काय बिघडलं? माझ्या तर अकराच्या अकरा रद्द. पण ते म्हणताना आत काहीतरी खुपायचं. त्यांना एकच गोष्ट हवी होती, एकही रद्द नाही अशी वही. आणि ती मी त्यांच्याकडून काढून घेतली होती, खोटं घड्याळ दाखवून, त्यांनीच दुसऱ्यांच्या भल्यासाठी पुढं केलेलं घड्याळ. पान पूर्ण होतं. गाडी समोर होती.

माफी मागायचं मी रोज ठरवायचो. तो नेमही माझ्याच्यानं पाळला गेला नाही.

ते रिटायर झाले पुढच्या मे महिन्यात. त्याआधी आठ दिवस कादंबरी संपली. शेवटचं पान काउंटरवर ठेवून म्हणाले, "लागली एकदाची डेपोला." त्या दिवशीसुद्धा त्यांनी मला वेळ लिहायला लावली. उरलेल्या आठ दिवसांत त्यांनी दुसरी सुरू केली. फेऱ्या थांबवायच्या नसतात म्हणे.

निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं झाली. कुणीतरी म्हणालं, साहेबांच्या कादंबरीची एकही फेरी चुकली नाही, टाळ्या! साहेबांनी हात वर केला. "एक चुकली," म्हणाले, "नोंद आहे." मी मागं भांडी विसळायला गेलो.

ते खेडच्या गाडीनं निघाले, बायकोबरोबर, खिडकीची सीट. इतकी वर्षं ज्या गाड्या पुकारल्या त्यातल्या एकीत प्रवासी म्हणून बसलेले. गाडी निघायच्या आधी त्यांनी मला खिडकीजवळ बोलावलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. हाताला लागताच कळलं, रजिस्टर.

"साहेब, त्या दिवशीचं मी..."

"चौकशी पुरी झाली," ते म्हणाले. "आत बघ. आता हात खिडकीवरनं काढ, गाडी सुटतेय. वेळेवर सुटू दे."

मी हात काढला.

कागद फाडला तो तिथंच, फलाटावर. ते पान शोधायला वेळ लागला नाही, त्याच्या कोपऱ्यावर माझ्या बोटांचं तेल लागलेलं होतं. 'चौकशी चालू' यावर निळी रेघ मारली होती. खाली काळ्या पेनानं, म्हणजे कादंबरीच्या पेनानं, लिहिलं होतं:

'फेरी रद्द होण्याचे कारण: कंट्रोलरची स्वतःची गाडी अजून सुटलेली नाही.'

त्यांच्या शेवटच्या नोंदीनंतरची पानं कोरी होती. पट्टीनं आखलेली. शेवटच्या पानापर्यंत सगळे रकाने त्यांनी आखून ठेवले होते. सुटण्याची वेळ प्रत्येक ओळीत भरलेली, सहा-चाळीस. मार्गाचा रकाना मोकळा.

तुम्हाला वाटेल मी त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. नाही. चार महिने ते रजिस्टर बेसनाच्या डब्यांमागं पडून होतं. मला त्या आखलेल्या ओळींचाही राग यायचा. बसला असेल हा माणूस रोज दुपारी माझ्यासाठी रेघा मारत, आणि तेही न कंटाळता. तेही जमतं याला.

गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. मी रजिस्टर काढलं. मार्ग या रकान्यात खूप वेळ काही सुचेना. मोठा लेखक हे गाव कुठल्याच रूटवर नाही, हे आता ठाऊक होतं. शेवटी लिहिलं, 'शाळेचे फाटक'. मग वेगळा कागद घेतला आणि जे साहेबांना सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, ते लिहिलं.

'मी रडलो नव्हतो. मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता आणि तो आता द्यायचा नव्हता. कंपासपेटी मी हसत दिली. फाटकापाशी मागं वळून बघितलं ते वर्गातली पोरं माझ्याकडं हेव्यानं बघतायत की नाही, ते बघायला. बघत होती. वडिलांचा चेहरा मात्र मी बघितला नाही. सायकलवर त्यांच्या पाठीमागं बसलो होतो. पाठ हलत होती. मला वाटलं, चढ आहे म्हणून.'

पान भरलं नाही. अर्धंच झालं. काउंटर सोडून मी फलाटावर धावलो. ताई गाडीच्या दारात होत्या.

"ताई, वेळ टाका आणि सही करा."

"आता तूबी काय? साहेबांची साथ लागली वाटतं!" त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. "काय लिवलंयस, बगू?"

"वाचू नका. फक्त वेळ."

"प्रवासी किती?"

"एक."

"एक तर एक. आमच्यात आज दोन हायत," असं म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, सहा-एकोणचाळीस लिहिलं, सही ठोकली आणि बेल मारली.

पान मी गुंडाळलं, रबरबँड लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं. साहेबांना द्या म्हणालो. तिसऱ्या दिवशी ते परत आलं, तसंच गुंडाळलेलं. मला वाटलं, शाबासकी असेल. नाहीतर विशेषणांवर काहीतरी. उलगडलं. पुढच्या बाजूला त्यांचं काही नव्हतं. एक काना-मात्रासुद्धा दुरुस्त केलेली नव्हती. पाठीमागं, काळ्या पेनानं, एकच शब्द:

'जळलो.'

खाली त्यांची सही.

मी तो कागद बेसनाच्या डब्यांमागं ठेवला. आज हे लिहितोय ते बाविसावं पान. मधे दोन फेऱ्या रद्द आहेत, कारणं खरी लिहिली आहेत. भिंतीवर आता सहा-पस्तीस झालेत. म्हणजे अजून दहा मिनिटं आहेत.